शून्य कुठे धरता, त्यावर जोखीम ठरते

डीमॅट खात्यात दोन शेअर आहेत. एक घेतल्यापासून चाळीस टक्के वर गेलाय, दुसरा तीस टक्के खाली. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे आणि दोन्हींपैकी कुठलाही एक विकला तरी भागतंय. कोणता विकाल?

बहुतेक जण वर गेलेला विकतात. ‘प्रॉफिट बुक केला’ असं म्हणायला बरं वाटतं. खाली गेलेल्यासाठी बाजारात एक ठरलेलं वाक्य आहे: विकला नाही तोवर तोटा नाही. आता, आपण तो शेअर कितीला घेतला होता हे त्या कंपनीला ठाऊक नसतं, आणि उद्याचा भाव आपल्या खरेदीच्या आकड्याकडे बघून ठरत नाही. कराच्या बाजूनेही तोट्यातला शेअर विकणं बऱ्याचदा सोयीचं पडतं. तरी तो विकताना हात अडखळतो.

अमेरिकेत हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीवर पहिल्यांदा नीट लिहिलं. पुढे टेरन्स ओडीन यांनी एका दलालाकडची १०,००० खाती तपासली, १९८७ ते १९९३ या काळातली. लोक नफ्यातले शेअर तोट्यातल्या शेअरपेक्षा बरेच जास्त उत्साहाने विकत होते. गंमत पुढेच आहे. विकून टाकलेल्या नफ्यातल्या शेअरनी पुढच्या वर्षभरात, जपून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला. म्हणजे ‘थांबलो तर भाव येईल’ हा अंदाज नुसता हळवा नव्हता, चुकीचाही होता.

असं का होतं, हे समजायला जरा मागे जावं लागेल.

बर्नुलीची वही

माणूस जोखीम कशी तोलतो, याचं पहिलं व्यवस्थित उत्तर १७३८ साली डॅनियल बर्नुली या स्विस गणितज्ञाने दिलं. त्याचं म्हणणं असं, की रुपयाचं मोल तो कोणाच्या खिशात पडतो यावर अवलंबून आहे. कर्जबाजारी माणसाला मिळालेले हजार आणि सावकाराला मिळालेले हजार सारखे नसतात. श्रीमंती वाढत जाते तसतसं पुढच्या रुपयाचं सुख कमी होत जातं. म्हणून नाणेफेक करून दुप्पट किंवा शून्य मिळवण्यापेक्षा खात्रीची रक्कम घेणं माणसाला बरं वाटतं. प्रत्येक निर्णयात माणूस म्हणे एकच बघतो: शेवटी माझ्याकडे एकूण किती उरेल, आणि त्यात मला सुख किती.

मांडणी देखणी आहे. अर्थशास्त्राने ती दोनशेहून जास्त वर्षं वापरली, आजही वापरतं. पण त्यात एक गोष्ट सुटली होती. माणूस आधी कुठे उभा होता, याला त्या वहीत रकानाच नव्हता.

दिवाळीला एकाच ऑफिसातल्या दोघांना चाळीस-चाळीस हजार बोनस मिळाला. एकाने मनात वीस धरले होते, दुसऱ्याने साठ. दोघांची बाकीची मिळकत सारखी असेल तर बर्नुलीच्या हिशेबाने दोघेही सारखेच सुखी. पण दुसऱ्याच्या घरी त्या संध्याकाळी पेढे येणार नाहीत.

जेरुसलेममधले प्रश्न

१९७० च्या दशकात जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले दोन मानसशास्त्रज्ञ, डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की, विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना कागदावर साधे प्रश्न विचारत होते. रकमा इस्रायली पौंडांत होत्या. त्या वेळी तिथल्या मध्यम कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न साधारण ३,००० पौंड होतं, म्हणजे प्रश्नातल्या रकमा पगाराएवढ्या होत्या.

एक प्रश्न असा: ४,००० पौंड मिळण्याची ८० टक्के शक्यता, नाहीतर काहीच नाही; किंवा ३,००० पौंड खात्रीने. काय घ्याल? ९५ जणांपैकी ८० टक्क्यांनी खात्रीचे ३,००० घेतले. सरासरी काढली तर जुगारातून ३,२०० पडतात, तरीही.

मग तेच आकडे उलटे केले. ४,००० पौंड जाण्याची ८० टक्के शक्यता, किंवा ३,००० खात्रीने जाणार. आता ९२ टक्के लोक जुगाराकडे वळले. इथे सरासरी नुकसान जुगारातच जास्त होतं, तरीही.

मला यापेक्षा त्यांचा पुढचा प्रयोग जास्त आवडतो, कारण त्यात पळवाट उरत नाही. एका गटाला सांगितलं, समजा तुम्हाला १,००० दिले. आता निवडा: आणखी ५०० खात्रीने, की नाणेफेक करून १,००० किंवा शून्य? ८४ टक्क्यांनी खात्रीचे ५०० घेतले. दुसऱ्या गटाला सांगितलं, समजा २,००० दिले. आता निवडा: त्यातले ५०० खात्रीने परत, की नाणेफेक करून १,००० परत किंवा काहीच नाही? इथे ६९ टक्क्यांनी नाणेफेक पत्करली.

जरा कागदावर मांडून बघा. दोन्ही गटांसमोर शेवटी एकच गोष्ट होती: खात्रीचे १,५००, किंवा समसमान शक्यतेने १,००० अथवा २,०००. रुपया-पैचाही फरक नाही. फरक एवढाच, की पहिल्या गटाने शून्य १,००० वर धरलं आणि दुसऱ्याने २,००० वर. शून्याच्या वर उभा असलेला माणूस हातातलं सांभाळतो, खाली उभा असलेला डाव टाकतो.

आपण सहज म्हणतो, ‘तो रिस्क घेणारा आहे’, ‘ही जपून असते’. स्वभावाचा भाग असतो, नाही असं नाही. पण त्याच माणसाचं शून्य इकडचं तिकडे केलं, की जपून असणारी बाई डाव खेळते आणि धाडसी म्हणवणारा गडी मुदत ठेवीकडे धावतो. कोणी किती जोखीम घेईल हे विचारण्याआधी तो स्वतःला नफ्यात समजतोय की तोट्यात, हे विचारायला हवं.

हे सगळं १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि प्रॉस्पेक्ट थिअरी या नावाने ओळखलं जाऊ लागलं. काहनमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

त्या सिद्धांतात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली: तोटा तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त झोंबतो. हजार रुपये सापडल्याचा आनंद दुपारपर्यंत टिकतो, हजार हरवल्याची चुटपुट दोन दिवस. किती जास्त? १९९२ च्या त्यांच्या निबंधात आकडा निघाला २.२५, म्हणजे सव्वादोन पट. हा आकडा आज गुंतवणूक सल्लागारांच्या प्रत्येक सादरीकरणात असतो. तो अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या २५ विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून काढला होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट: शून्यापासून दूर जावं तशी संवेदना बोथट होते. पहिले दहा हजार बुडाले तर झोप उडते. दोन लाख बुडाल्यावर आणखी दहा हजार गेले तर माणूस नुसता उसासा टाकतो. तोट्यातला माणूस जुगाराकडे का झुकतो, याचं उत्तर इथे आहे. पुढचा तोटा त्याला फारसा बोचणार नसतो, पण शून्यावर परत येण्याची आशा मात्र फार मोठी दिसते.

हे कुठे दिसतं, तर फ्यूचर्स आणि ऑप्शन्सच्या (एफ अँड ओ) बाजारात, जिथे शेअरच्या पुढच्या भावावर ठरावीक मुदतीचे सौदे होतात. मुंबईत बसलेल्या सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर, खर्च धरून माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला अज्ञान म्हणता आलं असतं. पण सलग दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त जणांनी खेळणं चालूच ठेवलं होतं. त्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: मुद्दल निघू दे, मग सोडतो. ‘मुद्दल’ म्हणजे त्यांनी धरलेलं शून्य. ते दोन वर्षांपूर्वी होतं तिथेच आहे, माणूस मात्र दर एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपते तेव्हा, त्याच्यापासून आणखी लांब जातोय. आशा, व्यसन, मोबाइलवरच्या टिप्स, झटपट श्रीमंतीच्या गोष्टी, सगळं यात आहेच. तरी ‘ॲव्हरेज करणं’, म्हणजे पडत्या भावात आणखी घेत राहणं, ही सवय मला तरी शून्याच्या ओढीशिवाय नीट समजत नाही.

सोलापूर आणि अकोला

आता एक आक्षेप. जेरुसलेमचे पैसे कागदावरचे होते. पोटाशी गाठ असलेला माणूस खऱ्या पैशांसमोर असंच वागेल का?

याचं उत्तर शोधताना आपल्याकडची गावं येतात, आणि ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू भागातल्या काही गावांचा बारकाईने अभ्यास चालवला होता. त्यात महबूबनगर जिल्ह्यातली गावं होती, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण होती, अकोल्याकडची कानझरा आणि किनखेडा होती. हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञाने या अभ्यासातल्या शेतकऱ्यांबरोबर एक खेळ मांडला आणि १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. आधी नुसत्या मुलाखती घेऊन पाहिल्या, पण उत्तरं भरवशाची निघेनात. मग खरे पैसे आणले.

खेळ सोपा. नाणं उडवायचं, पण त्याआधी पर्याय निवडायचा. एका पर्यायात छापा-काटा काहीही पडो, ५० रुपये हातात. पुढच्यात एका बाजूला ४५, दुसऱ्या बाजूला ९५. मग ४० आणि १२०. मग ३० आणि १५०. असं करत शेवटी एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला २००. सुरुवात पैशांत मोजायच्या रकमांनी केली, मग हळूहळू वाढवत इथवर आणलं. वरच्या पायरीवरची सरासरी मिळकत त्या काळी अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त होती.

छोट्या रकमांवर लोक वेगवेगळं वागले. कोणी जपून, कोणी बेधडक. रकमा वाढल्या तसे जवळजवळ सगळे मधल्या पर्यायांकडे सरकले: थोडी जोखीम घ्यायची, पण रिकाम्या हाताने घरी जायची वेळ येऊ द्यायची नाही. मोठी जमीन असलेला आणि मजुरीवर जगणारा, दोघांच्या निवडीत म्हणावा तेवढा फरक पडला नाही.

बर्नुलीला अडचणीत आणणारी गोष्ट हीच आहे. एकूण संपत्तीवरून हिशेब होत असता, तर बैलजोडी, विहीर आणि वीस एकर असलेल्याला तीस आणि दीडशेतला फरक किरकोळ वाटायला हवा होता. त्याने सरळ सरासरी जास्त तो पर्याय उचलायला हवा होता. तसं झालं नाही. खेळात बसताना त्याने घरची संपत्ती बाजूला ठेवली आणि हिशेब त्या चटईवरच्या पैशांपुरता केला. बिन्सवांगर यांनी पुढच्या वर्षी नेमका हा मुद्दा वेगळ्या निबंधात मांडला. बऱ्याच वर्षांनी, २००० मध्ये, अर्थतज्ज्ञ मॅथ्यू रेबिन यांनी तोच धागा गणिताने पक्का केला: शंभर जाण्याच्या किंवा एकशेदहा मिळण्याच्या नाणेफेकीला जो माणूस श्रीमंतीच्या कुठल्याही पायरीवर नाहीच म्हणतो, त्याने बर्नुलीच्या नियमाने हजार जाण्याच्या नाणेफेकीला कितीही मोठं बक्षीस लावलं तरी नाही म्हणायला हवं. असं वागणारा माणूस जगात सापडणार नाही.

वाद मात्र संपलेले नाहीत. तोटा खरंच सव्वादोन पट झोंबतो का, छोट्या रकमांवर हा परिणाम उरतो का, यावर मानसशास्त्रज्ञांची जोरात जुंपलेली आहे. मूळ प्रश्न मात्र टिकले. २०२० मध्ये १९ देशांत, १३ भाषांत, चार हजारांवर लोकांना १९७९ चेच प्रश्न पुन्हा विचारले. बहुतेक ठिकाणी कल तोच आला, काही आकडे थोडे सौम्य झाले.

शून्य आपण स्वतः धरतो असं वाटतं, पण पुष्कळदा ते दुसरा कोणीतरी धरून देतो. १९८२ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा प्रश्न रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांनाही विचारला. आकडे तेच ठेवले, फक्त एका गटाला किती जगतात ते सांगितलं आणि दुसऱ्याला किती दगावतात ते. शंभरातले नव्वद शस्त्रक्रियेतून वाचतात म्हटलं की शस्त्रक्रिया बरी वाटायची, शंभरातले दहा दगावतात म्हटलं की तिच्यावरची मर्जी उतरायची. डॉक्टरही याला अपवाद नव्हते. दुकानदारांना हे मानसशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. किंमत खोडून शेजारी नवी लिहिलेली पाटी म्हणजे आपलं शून्य वर सरकवण्याची सोय.

लॉटरी, विमा, हेल्मेट

आतापर्यंत रकमांचं बोललो. शक्यतांशीही आपण असंच वागतो.

काहनमन आणि ट्वर्स्की यांनी विचारलं: हजारात एक शक्यतेने ५,००० घ्याल, की खात्रीचे ५? ७२ टक्के पहिल्याकडे गेले. मग उलटं: हजारात एक शक्यतेने ५,००० गमवाल, की खात्रीने ५ भराल? ८३ टक्क्यांनी ५ भरले. पहिला प्रश्न लॉटरीचा आहे, दुसरा विम्याचा. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, आणि तिचं तिकीट व विम्याची पावती एकाच पाकिटात ठेवणारे कितीतरी लोक आपल्याला भेटतात. जुन्या हिशेबाने त्यांनी एक तरी टाकायला हवं. नव्या हिशेबात दोन्ही बसतात, कारण अगदी लहान शक्यता मनात फुगते. शून्य आणि हजारात एक यांमधलं अंतर आपल्याला हजारात पाचशे आणि हजारात पाचशे एक यांच्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, मात्र इथे गोची करतो. वर्षाला थोडक्या रकमेत मोठं संरक्षण, तरी घरोघरी पहिला प्रश्न तोच: ‘काही झालं नाही तर पैसे परत मिळतात का?’ मिळत नाहीत म्हटलं की हप्ता ‘फुकट गेला’ या रकान्यात पडतो. मनी बॅक पॉलिसीत तेच पैसे ‘बचत’ या रकान्यात जातात, म्हणून ती गळी उतरते, परतावा बेताचा असला तरी. लहान शक्यता फुगत असती तर टर्म पॉलिसीवर उड्या पडायला हव्या होत्या. पडत नाहीत. कारण आपल्याकडे विमा बचत म्हणूनच विकला गेला आणि शून्य तिथेच ठरलं, असं मला वाटतं.

आणि हेल्मेट? लहान शक्यता फुगत असेल तर पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर का उतरले?

याचं उत्तर २००४ मध्ये राल्फ हर्टविग, ईडो एरेव्ह हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात कमी माहीत असलेला भाग आहे. त्यांनी एका गटाला शक्यता लिहून दिल्या. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, फक्त संगणकावर दोन बटणं दिली. पाहिजे तेवढ्या वेळा दाबा, काय मिळतं ते बघा, मग निवडा. लिहून दिलेल्या गटाने दुर्मीळ गोष्टीला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं. बटणं दाबून शिकलेल्या गटाने वाजवीपेक्षा कमी. कारण दहा-पंधरा वेळा दाबून दुर्मीळ गोष्ट बहुतेकांना दिसतच नाही.

लॉटरी आपल्याला सांगितली जाते: बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरात, विजेत्याचा फोटो पेपरात. हेल्मेटविना गाडी चालवणं आपण रोज बटण दाबून शिकतो. कोथरूडहून डेक्कनला हजारदा गेलो, काही झालं नाही. या हजार फेऱ्यांपुढे अपघाताचं पोस्टर फिकं पडतं.

केंद्राच्या २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशी तरतूद आहे. मोठा दंड, पण क्वचित पकडले जाणार असू, तर तोही त्या हजार फेऱ्यांत हरवतो. एरेव्ह यांनी इस्रायलमधल्या कारखान्यांत सुरक्षेची साधनं न वापरणाऱ्या कामगारांवर काम केलं. तिथे जबर शिक्षेपेक्षा चालली ती साधी गोष्ट: मुकादमाने प्रत्येक वेळी, न चुकता, नुसतं हटकायचं. ओरडा नाही, दंड नाही. गॉगल न लावता मशीनपाशी गेलं की दर वेळी कोणीतरी टोकतं, एवढंच कामगाराच्या रोजच्या अनुभवात आलं, आणि साधनं वापरण्याचं प्रमाण वाढलं.